गोठ्यातलं माशा मारायचं निळ्या लाइटचं मशीन: एक पावसाळा वापरल्यावर

परवा ट्यूब गेली म्हणून मशीन घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "भाऊ, वॉरंटी मशीनची आहे, ट्यूबची नाही." ट्यूब सोडली तर ह्यात उरतं काय, जाळी अन् डबा! 1,800 रुपये मोजले त्याचे.

पोळ्याच्या आधी टांगलं होतं. रात्रभर चटचट आवाज यायचा, सकाळी ट्रे भरलेला. पैसे वसूल झाले असं वाटायचं. पण दिवसा गाई पाय आपटायच्या त्या आपटायच्याच, अन् दूधही वाढलं नाही.

अन् तो ट्रे! चार बारीक स्क्रू काढल्याशिवाय निघत नाही. हात शेणाचे, खाली चाऱ्याचं कुटार, त्यात स्क्रू पडला की बसा शोधत. ज्यानं हे बनवलं त्यानं जन्मात गोठा पाहिला नसावा. एका स्क्रूच्या जागी आता बांधायची तार आहे.

तोच ट्रे कागदावर उलटा केला तर पतंग, भुंगेरे, तुडतुडे. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाईच्या पायावरची माशी पकडून दाखवली. दिसायला घरमाशीच, पण तोंडापुढं सुईसारखी काळी सोंड. नर-मादी दोघंही रक्त पितात, तेही दिवसा. लख्ख उजेडात निळ्या दिव्याला कोण विचारतं?

ह्या माशीची अळी ओल्या, कुजक्या कुटारात अन् शेणमुताच्या थरात वाढते. गरम हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. म्हणून गव्हाणीखालचं उष्टं आता दर तीन-चार दिवसांनी ओढून उन्हात पातळ पसरतो. एक रुपया लागत नाही, अन् फरक ह्यानंही पडला. मोठी गोमाशी मात्र नाल्याकाठच्या चिखलात वाढते, तिला ह्याचं काही नाही. सर्रा हा जनावरांचा तापाचा रोग पसरवण्यात तिचाच हात मोठा, त्यामुळं जनावर तापानं बसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

शेजारी म्हणत होता, कपाशीवरचं उरलेलं औषध मार. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीनं माणसं गेली, ते विसरला वाटते! जनावरासाठीचं माशा मारायचं औषध, डेल्टामेथ्रिन, वेगळं मिळतं. डॉक्टर सांगतील तेवढंच पाण्यात घालायचं, हातमोजे अन् तोंडाला फडकं बांधून. दुधाचं जनावर असेल तर तेही आधी सांगायचं.

खरी कमाल केली कूलरच्या पंख्यानं. पावसाळ्यात कूलर रिकामाच पडून असतो. पंखा काढून गाईंच्या पायांच्या उंचीवर लावला, वायर त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी वरून घेतली. वाऱ्यात माशीला पायावर बसताच येत नाही. लाइन गेली की मात्र माशा परत हजर, मग कडुनिंबाच्या पाल्याचा धूर.

मशीन नव्या ट्यूबसकट घरच्या पडवीत लावलं. तिथं जेवताना ताटात पतंग पडत नाहीत, म्हणून पाचपैकी दोन स्टार. तिसरा दिला असता, पण ते स्क्रू.