बॅगेत जागा एकाच कादंबरीला

भाची इंदूरहून पुण्याला शिकायला निघालीय. पोह्यांवर घालायच्या शेवेची पाकिटं भरून झाल्यावर बॅगेत जेमतेम एका पुस्तकाची जागा उरली. माझ्या हातात दोन होती.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) छोटीशी. कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू त्यांच्यातलाच होतो, मग दुष्काळ पडतो. वाक्यं इतकी आखूड की आमच्यासारखे हिंदीत शिकलेले इंदुरीही कुठे अडखळत नाहीत. संध्याकाळी हातात घ्या. आमच्या सराफा बाजारात रात्री सोन्याची दुकानं मिटून खाण्याच्या दुकानांत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस परतायला लागतो, तोवर संपत येते.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) म्हणजे निराळंच प्रकरण. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला कॉलेजात येतो, हॉस्टेलवर राहतो, घरचे पैसे उडवतो, नापास होतो. मी एकोणिसाव्या वर्षी ती चाळीस पानांवर टाकून दिली होती. पुन्हा धरली तेव्हा एकटाच खदखदून हसत सुटलो आणि पुढे महिनाभर माझ्या प्रत्येक वाक्यात पांडुरंगाचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' येत राहिलं. (घरचे वैतागले.) पण मनीच्या, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या पानांशी हसू जे थांबतं, ते थांबतंच. 'बनगरवाडी'तलं दुःख उन्हासारखं सगळ्यांवर सारखं पडतं. हे एकट्याला गाठतं.

ताईचं मत अर्थात 'बनगरवाडी'. पुण्याला जाणाऱ्या पोरीला नापास पोराची गोष्ट कोण देतं?

मी 'कोसला' शेवेखाली सरकवली आणि चेन ओढून घेतली.