अंदमानची बदली आणि चेन्नईपर्यंतचीच बिल्टी

पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग आलं की घरात दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक नातेवाइकांचे, 'मग यंदाची सुट्टी तुमच्याकडेच' म्हणणारे. दुसरे पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचे. हे लिहितेय ते दुसऱ्या फोनांबद्दल. शाळेचं वर्ष संपलं की फौजी घरांची हलवाहलव सुरू होते, आणि आमच्यासोबत जे झालं ते अंदमानला निघालेल्या घरांसोबतच जास्त सहज होऊ शकतं.

अंदमान-निकोबार कमांड २००१ साली उभी राहिली. लष्कर, नौदल, हवाई दल तिन्ही एका छत्राखाली असलेली ही देशातली पहिली कमांड. त्यामुळे पुणे, देवळाली, मुंबई कुठूनही माणसं तिकडे जातात. गावाचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण आमच्याकडे अजून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही तेच म्हणते.

आमचे हे आधी विमानाने जाऊन हजर झाले. क्वार्टर मिळाल्यावर मी मुलांना घेऊन जायचं आणि सामान त्याआधी रवाना करायचं, असं ठरलं होतं. पुण्याहून सामान दोन टप्प्यांत जातं: चेन्नईपर्यंत ट्रकने, पुढे कंटेनरमधून जहाजाने, पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावर. दोन्ही टप्पे जवळपास सारखेच, साधारण १२०० किलोमीटरचे. कोलकाता आणि विशाखापट्टणमहूनही जहाजं आहेत, पण पुण्याला चेन्नई बरं पडतं. दिल्लीहून झाशीला बदली झाली तर पत्ता चुकला, ट्रक अडला, तरी माणूस गाडी काढून जाऊ शकतो. इथे नवरा बेटावर, बायको पुण्यात आणि सामान अशा शहरात जिथे दोघांचंही कुणी नाही. या धंद्यातले लोक नेमकं हेच हेरतात.

फोनवरच्या माणसाची सुरुवातच 'जय हिंद भाभीजी' अशी. कंपनीची वेबसाइट होती, आर्मी-नेव्हीतल्या ग्राहकांचे कौतुकाचे शब्द होते, 'आयबीए अप्रूव्हड' असा शिक्का होता. ही आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन. ती ट्रान्सपोर्टवाल्यांची यादी ठेवते हे खरं, पण शिक्का कुणीही छापतो. यादीत नाव आहे का ते वेगळं बघावं लागतं. जीएसटी नंबर आम्ही पोर्टलवर टाकून पाहिला. नंबर चालू होता, नाव मात्र दुसरंच. विचारल्यावर तो म्हणाला, 'वो हमारी पेरेंट कंपनी है.' नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, तामिळनाडूचे ३३. स्वतःला पुण्याचा म्हणवणाऱ्या या माणसाचा नंबर तिसऱ्याच राज्यातल्या एका हार्डवेअर दुकानाचा निघाला, हे पुढे कळलं.

कोटेशन ८४,००० चं. त्यात पॅकिंग, ट्रक, शेअर्ड कंटेनर, घरपोच डिलिव्हरी आणि ९,००० रुपये 'ट्रान्झिट इन्शुरन्स'. टोकन ५,०००, सामान भरताना ४५,०००, उरलेले पोहोचल्यावर. कोटेशनवर ठळक अक्षरांत 'पुणे टू पोर्ट ब्लेअर'.

सामान भरायला पोरं आली, पॅकिंग चांगलं केलं, चहा घेतला, गेली. जाताना हातात बिल्टी दिली. बिल्टी म्हणजे एलआर, मालाची पावती. त्यावर 'पासून' पुणे आणि 'पर्यंत' चेन्नई. पोर्ट ब्लेअरचा उल्लेखच नाही. मी लगेच फोन केला. उत्तर तयार होतं: 'भाभीजी, रोड की बिल्टी अलग होती है, शिप की अलग बनेगी.' आणि हे वाक्य खरं आहे! ट्रकची पावती वेगळी आणि जहाजाचा कागद वेगळाच असतो. चांगला ठग खोटं कमीच बोलतो. जहाजाचा कागद कोण बनवणार, कोणत्या एजंटच्या नावाने, त्याचं भाडं कोण भरणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याच्या डोक्यात तो कागद बनायचाच नव्हता.

सामान चेन्नईला पोहोचलं आणि भाषा बदलली. 'भाभीजी' जाऊन 'मॅडम' आलं. पोर्ट चार्जेस, कस्टम क्लिअरन्स, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नव्हतं म्हणून दंड, आयलंड परमिट, सगळे मिळून ३८,०००, आणि उद्यापर्यंत नाही भरले तर रोजचं गोदामभाडं. ही यादी नीट वाचा, कारण तुमच्याकडेही हीच येईल. भारतातून भारतातच जाणाऱ्या घरसामानाला कस्टम ड्युटी नसते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे, जीएसटीच्या नियमांतच तसं लिहिलंय. निकोबारच्या आदिवासी भागांत जायला पास लागतो, पण तो माणसांना. फ्रीजला परमिट लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आम्ही पैसे दिले नाहीत. यांच्या जुन्या युनिटमधले एक सुभेदारसाहेब चेन्नईत होते. बिल्टीवर सगळ्यात खाली बारीक अक्षरांत दुसऱ्याच एका ट्रान्सपोर्टचं नाव आणि नंबर होता. साहेबांनी तिथे फोन लावला आणि माधवरमच्या त्या गोदामात स्वतः गेले. गोदामवाला सरळ माणूस निघाला. त्याचं म्हणणं एवढंच: पुण्याच्या कुणीतरी पार्ट-लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमध्ये, हा माल टाकला, चेन्नईला उतरवायचा सांगितला, २२,००० भाडं 'टू-पे' (म्हणजे माल घेणाऱ्याने भरायचं) लिहिलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. भाडं मिळेपर्यंत माल सोडणार नाही. कायद्याने त्याचं चुकत नव्हतं. म्हणजे आमच्याकडून ५०,००० घेणाऱ्याने ट्रकवाल्यालाही एक रुपया दिला नव्हता. त्याची 'कंपनी' म्हणजे एक मोबाइल, एक वेबसाइट आणि रोजंदारीवर आणलेली पॅकिंगची पोरं.

कस्टमवाल्या ३८,००० तले २२,००० त्याने ट्रकवाल्याला दिले असते आणि उरलेले खिशात घालून पुन्हा गायब झाला असता, असा माझा अंदाज. सामान मग कंटेनरपर्यंत गेलंच नसतं, कारण तिथून पुढचं भाडं वेगळंच.

ट्रकवाल्याचे २२,००० आम्ही थेट त्याला दिले आणि रीतसर पावती घेतली. मग साहेबांनी शिपिंग एजंट गाठून दिला, त्याने जहाजाचा कागद आमच्या नावाने केला, त्यावर खोक्यांची संख्या आणि हॅडोचं नाव होतं. सामान आलं तेव्हा तिकडे पाऊस लागलेला. गाद्यांना बुरशी, कपाटाचं दार तुटलेलं, टीव्हीचं खोकं गायब. आता त्या ९,००० च्या इन्शुरन्सची गोष्ट. पॉलिसी मागितली तर पॉलिसी नव्हतीच. कोटेशनवर 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू, मालाच्या किमतीवरचा आकार) असं काहीतरी लिहून, सामान तीन लाखांचं धरून त्याच्या तीन टक्के घेतलेले. विमा फक्त विमा कंपनी देते, आणि पॉलिसीवर तुमचं नाव, पॉलिसी नंबर आणि प्रवासाची दोन्ही टोकं असतात. मूव्हरच्या बिलातली ओळ म्हणजे विमा नव्हे.

दुसरा फटका सरकारी कागदावर बसला. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या बदलीला ट्रान्सफर ग्रँट मूळ पगाराच्या १०० टक्के मिळते, इतरत्र ८० टक्के. सामानाच्या वाहतुकीचा खर्च वेगळा, तो पावत्यांवर. हार्डवेअर दुकानाच्या जीएसटी नंबराचं बिल लावलेला क्लेम ऑब्जेक्शन लागून परत आला, आणि त्यात कुणाला दोष देता येत नाही.

यानंतर सगळं संपलं असं वाटत होतं. काही महिन्यांनी यांना नाशिकच्या एका मुलाचा फोन आला. 'सर, तुमची स्कूटर कधी पाठवताय? पंधरा हजार भरलेत.' आमच्याकडे स्कूटर नाहीच. झालं होतं असं: 'पोर्ट एन्ट्री पाससाठी' म्हणून त्या मूव्हरने पोस्टिंग ऑर्डर, आधार आणि कॅन्टीन कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं होतं. शिवाय काळ्या ट्रंकांवर नंबर, रँक, नाव, युनिट आपण स्वतःच पांढऱ्या रंगाने रंगवतो. त्यांचे फोटो पॅकिंगच्या पोरांनी 'रेकॉर्डसाठी' काढले. त्या कागदांवर कुणीतरी जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात टाकली: फौजी आहे, अंदमानला बदली झाली, गाडी स्वस्तात द्यायची, स्वतः दाखवायला येऊ शकत नाही, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने येईल, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. फौजीचं नाव पुढे करून जुन्या गाड्या विकण्याचा हा प्रकार देशभर चालतो. आमच्या बाबतीत ऑर्डर खरी, माणूस खरा, बेटही खरं, त्यामुळे त्या मुलाने विश्वास ठेवला यात नवल नाही.

यांनी युनिटला लेखी कळवलं, सिक्युरिटीवाल्यांनी जबाब घेतला. त्या मुलाला आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं आणि त्याला लागेल ते पत्र दिलं. पैसे यूपीआयने गेले असतील तर या नंबरावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त. आमची स्वतःची पोलीस तक्रार 'हा दिवाणी मामला' म्हणून बराच काळ टेबलावर पडून होती; ट्रकवाल्याचा जबाब आणि हार्डवेअर दुकानदाराचं पत्र जोडल्यावर ती पुढे सरकली. त्या दुकानदाराला आपला नंबर कुणी वापरतंय याचा पत्ताच नव्हता. ग्राहक आयोगात मात्र आम्ही बेटावरूनच गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. केस चालू आहे.

आता या घडीला कुणाचं सामान चेन्नईत किंवा कोलकात्यात अडकलं असेल, तर मूव्हरशी फोनवर भांडत बसू नका, त्याला एक पैसाही पाठवू नका. बिल्टी काढा आणि ती खरोखर कुणी फाडली आहे ते बघा. त्या ट्रान्सपोर्टला विचारा की भाडं 'पेड' आहे की 'टू-पे', माल कोणत्या गोदामात आहे, नग किती उतरले. ट्रान्झिट कॅम्पमध्ये, ओळखीच्या युनिटमध्ये कुणीतरी असतंच, त्याला बिल्टीची प्रत देऊन गोदामात पाठवा आणि नग मोजून घ्या. रस्त्याने माल नेणाऱ्याला २००७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि माल हरवला-तुटला तर त्याला लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ती तारीख हुकवू नका.

आणि जे अजून निघायचे आहेत त्यांनी गाडी भरण्याआधी शिपिंग एजंटचं नाव आणि त्याच्याकडच्या बुकिंगचा कागद मागा, एजंटला स्वतः फोन करा. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. पोस्टिंग ऑर्डर कुणालाच पाठवू नका. सामान हलवायला ती लागत नाही. आणि ट्रंकांवरच्या नावांना जुनी चादर गुंडाळून शिवून टाका, पॅकिंगची पोरं यायच्या आदल्या रात्री.