वसंतातले तीन आठवडे यार्डात: एका बोटयार्डाच्या सेवेविषयी

हंगामाची पहिली सफर ठरलेल्या तारखेला निघायची असेल, तर शिडाच्या यॉटची वर्षभराची डागडुजी वसंतातच उरकावी लागते, आणि त्याच दिवसांत इतरांनाही आपापल्या बोटी वर काढायच्या असल्यामुळे यार्डात जागा मिळवण्यापासूनच ओढाताण सुरू होते. प्रशिक्षणाच्या सफरी करणाऱ्या बारा मीटर लांबीच्या यॉटवर मी कप्तानाच्या हाताखाली काम करते. या वर्षी कप्तान, मी आणि आमचा एक सहकारी असे तिघे जण बोटीवरच मुक्काम ठेवून ज्या बोटयार्डात तीन आठवडे राहिलो, त्याच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. यार्डाचे नाव मुद्दाम देत नाही. त्यात एक तक्रारही आहे, आणि यार्ड निवडताना काय पाहावे हे नावाशिवायही सांगता येते.

बोट पाण्याबाहेर काढायला जेमतेम तास लागतो, पण वर्षातला सर्वांत जोखमीचा तास तोच असतो. दोन रुंद पट्ट्यांवर सुमारे दहा टनांचे धूड हवेत लटकते, आणि पट्टा चुकून बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टवर किंवा वेग मोजणाऱ्या चक्रावर बसला तर हजार मैलांच्या प्रवासात होणार नाही असे नुकसान क्षणात होते. या यार्डाच्या मुकादमाने आदल्या दिवशीच आमच्याकडून बोटीच्या तळाचा आराखडा मागून घेतला, डेकच्या कडेला चिकटपट्टीने पट्ट्यांच्या जागा आखल्या आणि डोलकाठीचा मागचा ताण-तार बोट उचलणाऱ्या लिफ्टच्या आडव्या तुळईला अडेल की नाही हे स्वतः मोजून पाहिले. तळ धुण्याचे कामही त्यांनी बोट पट्ट्यांवर असतानाच सुरू केले. शेवाळ ओले असते तोवर पाण्याच्या जोरदार झोताने सुटते. एकदा वाळले की खरवडण्यात दिवस जातो. धुण्याचे पाणी मात्र समुद्रात न सोडता टाकीत साठवले जात होते, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण त्या पाण्यात, तळावर शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या तांबेयुक्त रंगाचा चुरा असतो. पूर्वी तळाला लावल्या जाणाऱ्या ट्रायब्यूटिल्टिन या रसायनाने शिंपल्यांचे आणि गोगलगायींचे किती नुकसान केले, हे कळल्यावर 2001 मध्ये त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 पासून तो लागू झाला. तांबे तितके घातक नसले, तरी ते विषच आहे.

जमिनीवर टेकू देऊन उभ्या केलेल्या बोटीवर राहणे हा वेगळाच संसार आहे. पाणी बाहेर टाकणाऱ्या झडपा उघड्या पडलेल्या असल्याने भांडी बादलीत धुवायची आणि बादली शिडीवरून खाली उतरवायची. शौचालय वापरता येत नाही, म्हणून मध्यरात्रीही तीन मीटरची तीच शिडी. समुद्राच्या पाण्याने थंड होणारा फ्रिज बंद. बोट अजिबात हलत नसल्यामुळे मला पहिल्या दोन रात्री नीट झोप लागली नाही; शरीराला डुलण्याची इतकी सवय झालेली असते. अनेक यार्डांत बोटीवर मुक्कामाला परवानगी मिळत नाही, किंवा मिळाली तरी राहणाऱ्यांकडे अडगळ म्हणून पाहिले जाते. इथे शिडी वरच्या टोकाला नीट बांधून दिली होती, वीज आणि पाणी बोटीपर्यंत आणले होते, आणि टेकूंना हात लावायचा नाही, जागा बदलायची असेल तर आम्हाला बोलवा, एवढी एकच अट पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितली होती. ही अट रास्त आहे. एक टेकू सैल झाला तरी बोट कोसळू शकते.

माझ्या मते या यार्डाची खरी किंमत कळली ती दुसऱ्या आठवड्यात. तळातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक छिद्रावर एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. ती तुटली तर बोटीत पाणी भरायला लागते आणि ते थांबवायला लाकडी खुंटीशिवाय हाताशी काही नसते. आमच्या सिंकच्या निचऱ्याची झडप बाहेरून ठीक दिसत होती, तिचा दांडाही सहज फिरत होता. फिटरने तरीही ती काढली, कानशीने कडेवर एक ओरखडा काढला आणि मला खाली बोलावून दाखवला. आत पिवळ्याधमक पितळेऐवजी फिकट गुलाबी, दाणेदार धातू होता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राचे पाणी त्यातले जस्त हळूहळू खाऊन टाकते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. त्याने तो तुकडा पकडीत धरून दाबला, तेव्हा बिस्किटासारखा मोडला. अशा फिटिंगसाठीच्या आयएसओ 9093 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 1994 च्या आवृत्तीत टिकाऊपणाची अपेक्षा अवघी पाच वर्षांची होती, हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि तो चुरा तळहातावर घेणे यांत फार अंतर आहे. आम्ही त्याच दिवशी सगळ्या झडपा कांस्याच्या बसवून घ्यायचे ठरवले. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून आमच्या हवाली करण्यात आला. ज्या यार्डात जुना भाग न दाखवता फक्त बिल हाती ठेवतात, तिथे मी पुन्हा बोट नेणार नाही.

डोलकाठीच्या तारांचे काम रिगरने, म्हणजे तारा-दोरांच्या कारागिराने, दीड दिवसात संपवले आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. शिडाचे दोर ताणणाऱ्या विंच मात्र आम्ही स्वतः उघडल्या, कारण हे काम आपल्याच हाताने करावे असे माझे मत आहे. विंचच्या आतली बोटाच्या पेराएवढी कुत्री, म्हणजे चक्र उलटे फिरू न देणाऱ्या खिट्ट्या, आणि त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा झाकण उचलताच उडून जातात, म्हणून विंचभोवती तळ कापलेले पुठ्ठ्याचे खोके बसवायचे. दात्यांना ग्रीस आणि कुत्र्यांना फक्त पातळ तेल; कुत्र्यांना ग्रीस लावले की ती चिकटतात, आणि भर वाऱ्यात हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते.

आता तक्रार. रंगकाम करणाऱ्या तुकडीने तळाची तयारी चांगली केली होती. सकाळचे दव पूर्ण सुकेपर्यंत ते थांबत, पाणरेषेवर आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला त्यांनी तिसरा हात दिला, टेकूंखालची जागा कोरी राहू नये म्हणून आदल्या दिवशी टेकूही सरकवून घेतले. आणि एवढे सगळे केल्यावर त्यांनी शाफ्टवरच्या नव्या जस्ताच्या अ‍ॅनोडलाही रंग फासला. अ‍ॅनोडचे काम झिजण्याचे असते. पाण्यात बुडालेल्या धातूंमध्ये विद्युतप्रवाह सुरू होतो, तेव्हा जस्त आधी विरघळते आणि पंखा व शाफ्ट वाचतात. त्यावर रंग चढला की जस्त पाण्यापासून तुटते आणि झीज पंख्याला लागते. यार्डाच्या अनुभवी माणसांकडून ही चूक व्हायलाच नको होती. बोट पाण्यात उतरवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन तळाखालून फेरी मारली म्हणून ती दिसली. एरवी ती वर्षभराने, पंख्याची पाती गुलाबी पडल्यावर कळली असती. मुकादमाने सबब सांगितली नाही, रंगवलेला अ‍ॅनोड खरवडण्याऐवजी नवा बसवून दिला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. तरीही रंगकामानंतर दुसऱ्याच माणसाने तळ तपासायचा, ही पद्धत त्यांनी लावून घ्यायला हवी, आणि तसे मी त्यांना लेखी कळवले आहे.

बोट उतरवताना त्यांनी घाई केली नाही. रांगेत आणखी दोन यॉट ताटकळत असतानाही आमची बोट पाण्यात टेकवून पट्टे तसेच ठेवले, आणि आम्ही तिघांनी फळ्या उचलून प्रत्येक झडप बोटाने चाचपून पाहीपर्यंत लिफ्टचालक थांबून राहिला. शाफ्टच्या रबरी सीलमध्ये अडकलेली हवा मी अंगठ्यांनी दाबून काढली, पाण्याचे चार थेंब आले आणि थांबले. मगच मी वर येऊन हात केला.

त्यानंतर सहा आठवडे आम्ही सतत सफरींवर होतो. गेल्या रविवारी नांगर टाकल्यावर मी मुखवटा लावून बोटीखाली गेले. तळावर हाताने पुसली जाईल इतकीच साय होती, पंखा पिवळा होता आणि नव्या अ‍ॅनोडवर बारीक खड्डे पडायला लागले होते. पुढच्या वसंतासाठी याच यार्डात जागा मागितली आहे, आणि मागणीच्या पत्रात अ‍ॅनोडची ओळ पहिली लिहिली आहे.