इमारतीखालचा ची-गाँगचा वर्ग : पाचपैकी साडेतीन

डोंबिवलीत सत्तावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. त्यात लेकीचं शिक्षण झालं आणि माझे गुडघे गेले. तिच्या बाळंतपणासाठी सिंगापूरला आले तेव्हा तिनेच मला या ची-गाँगच्या, म्हणजे श्वासाबरोबर संथ हालचाली करायच्या चिनी व्यायामाच्या वर्गात घातलं. बहुधा सकाळी मी ओट्यापाशी खुडबुड करते ती बंद व्हावी म्हणून.

तोआ पायोमधल्या एका सरकारी इमारतीच्या खाली हा वर्ग भरतो. इथल्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, नुसते खांब. लग्नंही तिथेच लागतात आणि कोणी गेलं तर मंडपही तिथेच घालतात. आमच्या तिसऱ्या आठवड्यात असा मंडप घातलेला होता, तेव्हा वर्ग बसस्टॉपकडे जाणाऱ्या छपराखाली घेतला. लोक आमच्यामधून वाट काढत ऑफिसला जात होते, पण शिकवणाऱ्या बाईंनी मोजणं थांबवलं नाही. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात, म्हणजे इथे जेमतेम उजाडलेलं असतं. आठ आठवड्यांचे पन्नास डॉलर, आपले तीन हजारांच्या वर. लेकीने भरले, पण मोजले मीच.

शिकवतात ते 'बादुआनजिन', म्हणजे किनखापाचे आठ तुकडे. नाव असं भरजरी आणि आम्ही सगळ्या ढगळ टी-शर्टात. आठ हालचाली, टेपवर चिनी गाणं, सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं. तेच दोनदा करायचं, मध्ये पाणी. हा प्रकार आठ-नऊशे वर्षांचा जुना. आज सगळीकडे एकसारखा दिसतो, कारण २००३ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने तो नीट बसवून दिला. जावईबापूंनी फोनवर त्याहून जुनं एक चित्र दाखवलं. चांगशाजवळच्या दोन हजारांवर वर्षांपूर्वीच्या थडग्यात १९७३ साली सापडलेलं, रेशमावर रंगवलेलं. चव्वेचाळीस माणसं ओळीने व्यायाम करताहेत, त्यात बायकाही आहेत. ते मला आवडलं.

मला मुख्य सांगायचंय ते हे, की इथे जमिनीवर बसावं लागत नाही. डोंबिवलीत योगाच्या वर्गाला जाऊन बघितलं होतं. चटईवर बसायला दोन मिनिटं आणि उठवायला दोन माणसं. चौथ्या दिवशी लाजून सोडलं. इथे सगळं उभ्याने. पहिला तुकडा म्हणजे बोटं गुंफून तळवे आकाशाकडे उचलायचे. माळ्यावरचं मोठं पातेलं उतरवताना हात जातात तसे, फक्त पातेलं नाही. दुसऱ्यात घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून उभं राहायचं आणि गरुडावर बाण सोडायचा. एक मूठ छातीशी ओढलेली, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणलेली, नजर त्या तर्जनीवरून पलीकडे. घोडा माझा उंचच राहतो. बाईंनी एकदा गुडघ्याकडे बघितलं आणि हातानेच सांगितलं, एवढाच पुरे.

बाई सत्तरीच्या असतील. लाओशी म्हणायचं त्यांना, म्हणजे शिक्षक. इंग्रजी त्यांचं माझ्याइतकंच, गिऱ्हाइकापुरतं. पहिला आठवडा त्या माझ्याजवळ येऊन सारखं म्हणायच्या, "फांग सोंग, सोंग, सोंग." मला वाटलं, बाईंना कळलं की काय, मी नुसतं सोंग करतेय! शेजारच्या आजीने खुलासा केला : सैल सोड. मग बाईंनी दोन बोटं माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली. दाबलं नाही, नुसती ठेवली. खांदा बोटभर खाली आला. तो वर होता हेच मला माहीत नव्हतं. लाटणं धरताना चढला असणार आणि दुकान बंद केलं तरी उतरला नव्हता.

सातवा तुकडा डोळे वटारून मुठी मारण्याचा. तो मला शिकवावा लागला नाही, उधाऱ्या वसूल केल्यात.

आता तक्रारी. आठव्या तुकड्यात टाचा उचलून सात वेळा आपटायच्या, त्याने म्हणे शंभर रोग जातात. माझी टाच आधीच दुखरी, फरशी सिमेंटची. चार दिवस लंगडले. दुखऱ्या टाचेच्या माणसाने हळू टेकवायची, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सहाव्या आठवड्यात एक बदली शिक्षक आले. ते म्हणाले, शुगरच्या गोळ्या बंद होतील, आणि वर्ग संपल्यावर पिशवीतून चहाची पाकिटं काढली. मी पाकीटही घेतलं नाही आणि गोळ्याही सोडल्या नाहीत. दीड गुण या दोन गोष्टींचा कापला. टेपचा आवाज ढणाणा असतो, पण त्याचं मला काही नाही. आमच्या गल्लीत गणपती असतात.

गुडघे बरे झाले का? नाही. जिना उतरताना अजून कठडा लागतो. वजन तर लेकीच्या डिंकाच्या लाडवांनी वाढलंच. पण झोप सलग लागते, आणि परवा सलवार घालताना भिंत धरली नव्हती हे पाय आत गेल्यावर लक्षात आलं.

घाम निघाला पाहिजे असं वाटणाऱ्यांनी पैसे वाया घालवू नयेत. एक हात वर न्यायला इथे चार पोळ्या लाटून होतील एवढा वेळ लावतात. मला पहिले पंधरा दिवस त्याचा इतका राग यायचा की मी मनात कणीक भिजवायचे.

जाणार असाल तर पातळ तळव्याचे बूट घाला आणि डासांचं तेल पायाला चोळून जा. आणि दहा मिनिटं आधी पोचून कोपऱ्यातल्या खांबाजवळची जागा धरा, वारा तिथेच लागतो.