रेफ्युजियमचा ‘तयार संच’: फसवणूक फोटोतच दिसत होती

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला रेफ्युजियम, म्हणजे पाणी साफ राहावं म्हणून शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, जोडायचा होता. त्यासाठी एका विक्रेत्याची ‘तयार संचा’ची जाहिरात पाहिली, त्यात कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ कबूल केलेलं होतं. जाहिरातीतल्या फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी हिरवी काडी होती. तिला वरच्या बाजूने पानं फुटलेली, खालून मुळांसारखे बारीक तंतू. कीटोमॉर्फाला काडी नसते, पान नसतं, मूळही नसतं. मासेमारीच्या दोऱ्याचा गुंता व्हावा तशी ती नुसती गुंतवळ असते, कशालाच न चिकटता पाण्यात गोल फिरत राहते. हे माहीत होतं. फोटो चार वेळा मोठा करून पाहिला, ती काडी दिसली, आणि तरीही पैसे पाठवले. विक्रेत्याचा संताप आहेच. पण ती काडी पाहून न थांबल्याची चीड अजून जात नाही.

१५० लिटरच्या रीफ टाकीसाठी (प्रवाळ ठेवायच्या टाकीसाठी) घेतलेला माल कागदावर असा होता: ६० × ३० × ३६ सेंमीचा काचेचा संप (मुख्य टाकीखाली ठेवायची गाळणीची टाकी), त्यात रेफ्युजियमचा कप्पा, २५० ग्रॅम कीटोमॉर्फा, ६ किलो लाईव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला समुद्री दगड), ३ किलो ‘खनिज गाळ’, कोपेपॉडची (पाण्यातल्या ठिपक्याएवढ्या जीवांची) ५०० मिलीची बाटली, ५० वॅटचा दिवा, पाणी वरच्या टाकीत चढवणारा परतीचा पंप आणि नळ-सांधे. ७० टक्के रक्कम आगाऊ आणि ३० टक्के माल पोचल्यावर. ते ३० टक्केही खोकं उघडण्याआधी दिले, कारण ‘जिवंत माल आहे, पैसे येईपर्यंत थांबलो तर मेला समजा’ असा तगादा लावला होता. घाई कशासाठी केली जाते हे सगळ्यांनाच कळतं. पण समोरचा माणूस अडाण्यासारखा बोलत नव्हता. टाकीचे दिवे बंद असतात तेव्हा रेफ्युजियमचा दिवा चालू ठेवा म्हणजे रात्री पीएच फार उतरत नाही, शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शोषतं, पूर्ण कप्पा भरला की तिसरा हिस्सा काढून टाका, हे सगळं त्याने बिनचूक सांगितलं. फक्त एक वाक्य खोटं होतं: ‘यानंतर पाणी बदलायची गरज उरणार नाही.’ शेवाळ कॅल्शियम आणि क्षारता परत आणून देत नाही. असं वाक्य ऐकलं की तिथेच बोलणं तोडा.

आता मालाबद्दल. आली ती कॉलर्पा, वेलासारखं पसरणारं दुसरंच शेवाळ. रेफ्युजियममध्ये ती चालतच नाही असं नाही, काही जण वर्षानुवर्षं ठेवतात. पण जोखीम वेगळी आहे. कॉलर्पाचा अख्खा वेल म्हणजे एकच प्रचंड पेशी. ताण आला किंवा प्रजननाची वेळ आली की तो आपला सगळा ऐवज पाण्यात सोडून देतो. वेल पांढुरका, काचेसारखा पारदर्शक होतो, पाणी हिरवट दुधाळ दिसतं, शोषलेलं सगळं पोषण परत टाकीत येतं आणि प्राणवायू झपाट्याने उतरतो. इथे अकराव्या दिवशी पहाटे तेच झालं. असं दिसलं तर वाट पाहू नका. अख्खा वेल काढा, स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) जास्त जोरात चालवा, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडा, पाणी गाळणारा ताजा कार्बन घाला आणि निदान २५ टक्के पाणी बदला. काढलेला वेल गटारात किंवा समुद्रात टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवून फेका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ साली मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात सापडली आणि दूरवर पसरली. २००० साली ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आढळली, तेव्हा तिथे कॉलर्पाच्या अनेक जातींच्या विक्रीवरच बंदी आली. एवढासा तुकडाही पुन्हा वाढतो.

‘लाईव्ह रॉक’ हा रंगवलेला कोरडा दगड निघाला. खऱ्या दगडावर कोरलाइन नावाचं जांभळट, कडक शेवाळ असतं. ते ठिपक्याठिपक्यांनी वाढतं, नखाने निघत नाही, आणि दगडाच्या अंधाऱ्या खाचेत एकसारखं बसत नाही. इथे खाचेतही तोच जांभळा, तेवढाच गडद. वजन ६ ऐवजी ४.२ किलो. रंगाचं एक वेळ सोडा, असा दगड आठवडेच्या आठवडे फॉस्फेट सोडत राहू शकतो, म्हणजे ज्या कामासाठी रेफ्युजियम बांधायचं त्याच्याच उलट. बादलीत खारं पाणी घालून दगड दोन आठवडे ठेवा आणि फॉस्फेट मोजा, मगच आत घ्या.

‘खनिज गाळ’ म्हणजे साधी सिलिका वाळू. चमचाभर वाळूवर व्हिनेगर ओता. अ‍ॅरागोनाइट (चुन्याच्या जातीची समुद्री वाळू) असेल तर फसफसते, सिलिका गप्प पडून राहते. दोन मिनिटांचं काम, आणि ते पैसे देण्याआधी करता आलं असतं. कोपेपॉडच्या बाटलीवर टॉर्च धरला तर एकही ठिपका हलत नव्हता, झाकण उघडताच कुजका वास आला. ती ओतली नाही, एवढं तरी शहाणपण झालं. ‘५० वॅट’चा दिवा प्लगला मीटर लावून पाहिला तर ११ वॅट. खोक्यावरचा आकडा वाचू नका, मोजा.

सर्वांत वाईट गोष्ट सगळ्यात शेवटी कळली. परतीच्या नळीचा चंदेरी सांधा कानशीने खरवडला तर आतून पिवळा! मुलामा दिलेलं पितळ. पितळात तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात ते सुटत राहतं. मासे काही काळ तग धरतात, पण गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ तांब्याने मरतात. गोगलगाई काचेवरून गळून पडू लागल्या तेव्हा दोष कॉलर्पाला दिला गेला, म्हणून सांध्याकडे लक्षच गेलं नाही. रीफच्या पाण्याला फक्त प्लास्टिकचे सांधे.

संपची मांडणीही तशीच. मधले आडोसे ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचे, सिलिकॉनने चिकटवलेले. सिलिकॉन काचेला धरतं, अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. नवव्या दिवशी एक आडोसा सुटला. काचेच्या टाकीत आडोसे काचेचेच घ्या आणि बुरशीरोधक औषध नसलेलं सिलिकॉन वापरा. न्हाणीघराचं नको. शिवाय पाण्याची खूण सगळ्या कप्प्यांत ३० सेंमीवर होती, म्हणजे वर ६ सेंमी मोकळे, जेमतेम १०.८ लिटर. वरच्या ७५ × ४५ सेंमीच्या टाकीत परतीचं तोंड पाण्याखाली ४ सेंमी. वीज गेली की सायफनने १३.५ लिटर खाली येणार. जवळजवळ तीन लिटर खारं पाणी जमिनीवर, तेही पाईपमधलं न धरता. तोंड पाण्याखाली १ सेंमीवर आणलं की हेच ३.४ लिटर होतं. सायफन तोडणाऱ्या छिद्रावर विसंबू नका, ते क्षाराने बुजतं. पंप स्वतः बंद करून पाहा, आणि मगच घराबाहेर पडा.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. पैसे पाठवले त्या सेवेने उत्तर दिलं की व्यवहार ‘ग्राहकाच्या संमतीने’ झाला आहे. पोलीस ठाण्यात सांगितलं, शेवाळ मागवलं होतं, शेवाळ आलं, मग गुन्हा कुठे? हिऱ्याच्या जागी काच दिली तर असं विचारतील का? ग्राहक तक्रार कक्षाने मालाची यादी मागितली. ती दिली. मग जातीचा पुरावा मागितला. फोटो दिले, तर ‘तज्ज्ञाचं पत्र’ हवं. ते मिळेपर्यंत मेलेला वेल तज्ज्ञाला दाखवायचा कुठून? तीन वेळा हेलपाटे, प्रत्येक वेळी दुसरी खिडकी, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी ‘जिवंत माल परत घेतला जात नाही’ ही विक्रेत्याची ओळ त्यांनीच मला वाचून दाखवली. दगड, वाळू, दिवा, पितळ यांतलं जिवंत काय होतं, हे कोणी सांगितलं नाही. म्हणून पावतीवर जातीचं नाव, वजन आणि वॅट लिहून घ्या, आणि खोकं उघडताना सलग चित्रफीत काढा. नुसत्या फोटोंना कोणी विचारत नाही.

त्याच विक्रेत्याची जाहिरात गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. संच तोच, टक्केवारी तीच, फोटोही तोच. खालच्या डाव्या कोपऱ्यात ती आडवी काडी अजून आहे.