१०० मिलीचा टेफ्लॉन-लायनर ऑटोक्लेव्ह: नॅनो-ऑक्साइडसाठी घ्यावा का?

ऑटोक्लेव्ह म्हणजे आतला दाब सोसणारं बंद भांडं: बाहेरून स्टेनलेस स्टीलचं जाड भांडं, आत टेफ्लॉनचा पेला म्हणजे लायनर, त्यावर टेफ्लॉनचंच झाकण, वर दाबाची स्टीलची चकती आणि आट्यांचं टोपण. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत हायड्रोथर्मल पद्धतीचं काम, म्हणजे बंद भांड्यात पाण्याचं द्रावण तापवून त्यातून पदार्थ वाढवणं, याच भांड्यात चालतं. सौर घटासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोरॉड (अतिसूक्ष्म दांड्या) वाढवायचे असतील किंवा वायू-संवेदकासाठी टंगस्टन ऑक्साइड आणि टिन ऑक्साइडची पूड करायची असेल, तर हे भांडं घ्याच. फक्त झिंक ऑक्साइडच करायचं असेल तर पैसे घालवू नका. झिंक नायट्रेट आणि हेक्सामिन प्रत्येकी २५ मिलिमोलर घेतलं की ९० अंशांवर काम होतं, त्याला झाकणाची बोरोसिलिकेट बाटली पुरते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी ऑक्साइडचे पातळ थर देण्याची परंपरा जुनी आहे, आणि त्यातलं बरंच काम साध्या बीकरमध्ये होणारं आहे.

खरेदी करताना आधी लायनरची कड बघा. पेला काचेच्या सपाट तुकड्यावर पालथा घालून मागून टॉर्च मारा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली किंवा लेथच्या खुणा नखाला लागल्या तर तो परत करा. वाफ अडते ती या कडेवरच. टोपण कितीही आवळलं तरी वाकडी कड सील होत नाही. मग पोलाद. ३०४ ऐवजी ३१६ मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या, कारण चुंबकाने हा फरक कळत नाही. अर्थात हायड्रोक्लोरिक आम्लापुढे ३१६ सुद्धा कायमचं टिकत नाही, गंज थोडा उशिरा धरतो इतकंच. तिसरं म्हणजे खरं आकारमान. पेला काठोकाठ पाण्याने भरून वजन करा आणि पुढचा सगळा हिशोब त्या आकड्यावरून धरा.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोरॉडची सर्वाधिक वापरली जाणारी कृती २००९ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या बिन लिऊ आणि एरे आयदिल यांनी दिली. ३० मिली पाणी, ३० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, १ मिली टायटॅनियम ब्युटॉक्साइड, १५० अंश, २० तास. त्यांचं भांडं १२५ मिलीचं होतं. १०० मिलीच्या लायनरला २५, २५ आणि ०.८ हे प्रमाण घ्या, म्हणजे भांडं साधारण अर्धं भरतं. ब्युटॉक्साइड आम्ल-पाण्यात थेंबथेंब सोडायचं आणि ढवळत राहायचं. आधी पांढऱ्या गुठळ्या दिसतात, मग द्रावण काचेसारखं स्वच्छ होतं. अर्ध्या तासानंतरही ते दुधाळ राहिलं तर आम्लाची बाटली जुनी होऊन उतरली आहे असं समजा आणि पुढे जाऊ नका. पावसाळ्यात ब्युटॉक्साइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. ती हवेतल्या दमटपणाने बनते आणि तेवढा माल कमी झालेला असतो.

रॉड एफटीओ काचेवर, म्हणजे फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वाहक थर असलेल्या काचेवर वाढतात. ही काच साबण, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डीआय (आयनमुक्त) पाणी यांत प्रत्येकी १५ मिनिटं सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी धुवा. मल्टिमीटरने वाहक बाजू ओळखा आणि ती खाली तोंड करून काच लायनरच्या भिंतीला तिरकी टेका. वाहक बाजू वर ठेवली की द्रावणात बनलेली पूड तिच्यावर बसते. थर जाड दिसतो, पण टिश्यू फिरवला की पुसून निघतो. साध्या काचेवर हे रॉड नीट धरत नाहीत. एफटीओतल्या टिन ऑक्साइडची अणूंची जाळी रुटाइलसारखीच, म्हणजे या रॉडच्या स्फटिकरूपासारखीच असते, म्हणून तिथे ते रुजतात. वेळ फार वाढवला तर थर काचेपासून सुटायला लागतो.

या भांड्याची मोठी अडचण म्हणजे आत तापमान उशिरा पोचतं. टेफ्लॉन उष्णता फार हळू वाहून नेतं. ओव्हन १५० दाखवतो तेव्हा द्रावण बरंच मागे असतं, आणि आत १५० व्हायला दीड-दोन तास जातात. २० तासांच्या खेपेत हे खपून जातं, ४ तासांच्या खेपेत निकालच बदलतो. म्हणून ओव्हन आधी तापवून ठेवायचा की थंड ओव्हनमध्ये भांडं ठेवून सुरू करायचा, हे एकदा ठरवा आणि वहीत लिहा.

दाबाचं गणित साधं आहे. पाण्याच्या वाफेचा दाब १५० अंशांना सुमारे ४.८ बार, १८० ला १० आणि २०० ला १५.५ असतो. विक्रेते २२० अंशांपर्यंत चालेल म्हणतात. आमच्या मते २०० च्या वर जाऊ नये, कारण टेफ्लॉन मऊ होऊन कड दबते. त्याहून जास्त तापमान हवं असेल तर पीपीएल या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा लायनर घ्या. युरिया घालणार असाल तर भांडं आणखी रिकामं ठेवा, कारण त्यातून सुटणाऱ्या अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब वाफेवर चढतो. परक्लोरिक आम्ल, किंवा नायट्रिक आम्लासोबत सेंद्रिय द्रावक, बंद भांड्यात कधीच घालू नका. स्फोट होतो.

टोपण गरम असताना उघडू नका, नळाखालीही धरू नका. ओव्हन बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. तापल्यावर टेफ्लॉन पोलादापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, थंड झाल्यावर आकसतं आणि टोपण सैल लागतं. म्हणून प्रत्येक खेपेआधी ते पुन्हा आवळायचं. गळती ओळखायला झाकणासकट लायनरचं वजन आधी आणि नंतर करा. ५० मिली द्रावणात अर्ध्या ग्रॅमपर्यंत घट चालते. त्याहून जास्त गेली तर कड तपासा.

गळती नसली तरी थोडी आम्लवाफ टेफ्लॉनमधून झिरपते. पोलादाच्या आतल्या भिंतीवर तपकिरी डाग येतात, आणि लायनर काढताना तो गंज द्रावणात पडला की पांढऱ्या थराला पिवळट झाक येते. लोह शिरलेला थर सौर घटाला नको आणि संवेदकालाही नको. म्हणून खेप झाल्यावर त्याच दिवशी पोलादी भाग सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडा करा, आणि लायनर बाहेरून पुसल्याशिवाय उघडू नका.

प्रत्येक ऑक्साइडला वेगळा लायनर ठेवा. टेफ्लॉनवरच्या चऱ्यांत जुने कण अडकतात आणि पुढच्या खेपेत तिथूनच वाढ सुरू होते. तारेची घासणी लावूच नका. भांड्यासोबत एक जादा लायनर मागवणं शहाणपणाचं, कारण झिजणारा भाग तोच आहे.

संवेदकाची पूड क्लोराइडपासून केली असेल तर धुण्यात कसर ठेवू नका. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरा गढूळपणा येणं थांबेपर्यंत धुवा, नाहीतर उरलेल्या क्लोरीनमुळे संवेदकाचा मूळ रोध (वायू नसतानाचा विद्युतरोध) सरकत राहतो. त्यानंतर मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) ५०० ते ६०० अंशांवर दोन तास भाजा. टिन ऑक्साइडचे संवेदक २०० ते ४०० अंशांवर चालतात, त्यामुळे पूड त्याहून वर भाजलेली असली तरच कण वापरात असताना वाढत नाहीत.