टांगेवाल्याच्या मुलीने पाहिलेलं मिशिगनमधलं घोडेस्वारी केंद्र

माझे वडील, आबा, मिरजेत टांगा चालवायचे. शाळेतून आलं की घोड्याला खरारा करायचा हे माझं काम. त्यामुळे मुलीने फोनवर सांगितलं, "आई, लेकाचं नाव अपंग मुलांच्या घोडेस्वारीच्या केंद्रात घातलंय, नंबर लागलाय," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "घोडा कसा आहे?"

नातू आठ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पायांचे स्नायू ताठ, मांड्या आत ओढल्या जातात, गुडघ्याला गुडघा लागतो. वॉकर घेऊन चालतो. सप्टेंबरात मी मिशिगनला आले आणि तेव्हापासून दर शनिवारी त्याच्याबरोबर या केंद्रात गेले, बारा आठवडे. लेकराचा ठावठिकाणा उघड होऊ नये म्हणून केंद्राचं नाव लिहीत नाही. पण अमेरिकेत पाथ इंटरनॅशनल ही संस्था 1969 पासून याच कामात आहे, शिक्षकांना प्रमाणपत्र आणि केंद्रांना मान्यता देते. तुमच्या जवळचं केंद्र तिच्या यादीत बघा.

आधीचा एक अनुभव सांगते. मागच्या वर्षी मुलगी आणि जावई त्याला एका फार्मवर घेऊन गेले होते, पैसे देऊन तट्टावरून फेरी. तिथल्या माणसाने त्याला बगलेत धरून उचललं आणि वरून खाली बसवलं. ताठ मांड्या एकदम फाकल्या, पोरगं किंचाळलं, तट्टू बिचकलं. त्यानंतर घोड्याचं चित्र पाहिलं तरी तो तोंड फिरवायचा.

या केंद्रात पहिल्या दिवशी त्याला घोड्यावर बसवलंच नाही. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म आधीच मागवला होता. खुबा सांध्यातून सरकलेला नाही ना, फिट येते का, पाठीचा कणा कसा आहे, सगळं विचारलं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांची मान तपासून घेतात, कारण मानेचे वरचे मणके सैल असतील तर घोड्याची चाल धोक्याची ठरते. काही मुलांना इथून 'नाही' असं उत्तर मिळतं. मला त्यातच विश्वास वाटला.

मग मी तबेला बघायला मागितला. शिक्षिकेने आनंदाने दाखवला. नातवाच्या वाट्याला आलेल्या घोड्याचं नाव बिस्किट. हाफलिंगर जातीचा, बुटका, रुंद पाठीचा, तांबूस अंगाचा आणि पांढुरक्या आयाळीचा. वय एकोणीस. मी आधी तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळतात ती जागा बघितली. आमच्या घोड्याला तिथे कायम घासायचं, आबा रात्री हळद आणि खोबरेल लावत बसायचे. बिस्किटच्या पोटाखाली हात फिरवला तर केस एकसारखे, कुठे टक्कल नाही, कुठे घट्टा नाही. खुर उचलला, स्वच्छ. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी येतो म्हणाले. भिंतीवर एक फळा होता, कोणत्या घोड्याने आज किती मुलं घेतली त्याच्या खडूच्या रेघा. बिस्किटला दिवसाला तीनच, आणि शनिवारी काम केलं की रविवारी कुरणात मोकळा. आबांच्या घोड्याला रविवार नव्हता. त्यांना तो देता आला असता तर त्यांनी दिला असता.

दुसऱ्या शनिवारी नातू चढला. इथे लाकडी उतार आहे, वॉकर थेट घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत जातो. घोडा दोन ओट्यांच्या मध्ये दगडासारखा उभा. खोगीर नव्हतं, लोकरीची जाड गादी आणि पुढे मूठ असलेला पट्टा. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरम असतं, ती ऊब गादीतून मांड्यांना लागते. शिक्षिकेने त्याला आधी आडवं बसवलं, दोन्ही पाय एका बाजूला. मग पाठीला आधार देत एक पाय हळूहळू घोड्याच्या मानेवरून पलीकडे नेला. मध्ये तीनदा थांबली. प्रत्येक वेळी स्नायू सैल पडेपर्यंत वाट पाहिली. चढायलाच सात-आठ मिनिटं गेली असतील. मागे दुसरं मूल ताटकळत होतं, पण कुणी घाई केली नाही.

मग एक जण लगामाशी, आणि दोन्ही बाजूंना एकेक स्वयंसेवक, त्याच्या मांडीवर हात ठेवून चालणारे. एका मुलामागे तीन माणसं, आणि शिक्षिका वेगळी. घोडा कदम चालीने निघाला की बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत हलते. आपण चालताना कंबर अशीच हलते. ज्या पोराने आधाराशिवाय पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कंबरेला चालणं म्हणजे काय ते असं कळतं. मी कठड्याला टेकून त्याची पाठ बघत होते. पहिल्या फेरीत पोक काढून बसलेला पोरगा चौथ्या फेरीला सरळ झाला होता. मांड बसायला लागली होती.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. वळणावर तो उजवीकडे कलला. बाजूच्या मुलीचा हात घट्ट व्हायच्या आत बिस्किट थांबला. लगाम धरणाराने थांबवला नव्हता, मी बघत होते. घोड्याचे कान मागे वळले, सवारीकडे, आणि पाय जागच्या जागी. नातू सावरून बसला, "वॉक ऑन" म्हणाला, तेव्हाच तो निघाला. घरी येताना गाडीत म्हणाला, "आज्जी, तो माझ्यासाठी थांबला." दमलेला, चाबकाला घाबरलेला घोडा असं करत नाही. त्याचं लक्ष स्वतःच्या दुखण्याकडे असतं. म्हणून मी पुन्हा सांगते, केंद्र बघायला जाल तेव्हा आधी घोडे बघा.

आमच्या आधीच्या तासाला एक कॉलेजातली मुलगी असते. गुडघ्याखाली पायांत जोर नाही, तरी एकटी बसते. तिनेच मला डेन्मार्कच्या लीस हार्टेलची गोष्ट सांगितली. 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय गेले, घोड्यावर चढा-उतरायला माणूस लागायचा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला, म्हणजे घोडा ठरावीक चालींत डौलाने चालवायच्या स्पर्धेला, बायकांना पहिल्यांदा पुरुषांबरोबर उतरू दिलं आणि तिने रौप्य पदक घेतलं. 1956 ला पुन्हा रौप्य. हे सांगताना त्या मुलीचे डोळे चमकत होते.

आता अडचणी. नंबर लागायला आठ महिने गेले. घोडे मोजके आणि बाजूने चालणारे लोक त्याहून कमी, त्याला इलाज नाही. रिंगणाला छप्पर आहे पण हीटर नाही, नोव्हेंबरात माझी बोटं बधिर झाली. दोन जाड मोजे घालून जा. अर्ध्या तासाचे 45 डॉलर आम्ही दिले आणि विम्यातून काही मिळालं नाही. इथे एक फरक समजून घ्या. घोड्याच्या हालचालीचा वापर करून फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट स्वतः उपचार करतो ती हिपोथेरपी. इथे चालतो तो स्वारीचा वर्ग, शिक्षिका स्वारी शिकवते. विमा कंपनीला फोन करताना नेमका शब्द माहीत असू द्या. केंद्र देणग्यांवर चालतं, ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी वेगळा निधी आहे, लाजू नका, मागा.

नातू वॉकर सोडून चालायला लागला का? नाही. त्याची फिजिओथेरपी आणि औषधं चालूच आहेत, त्यामुळे कशाने किती झालं हे मी सांगू शकत नाही. पण शनिवारी दुपारी त्याला पँट घालताना पाय सहज फाकतात, हे माझ्या हाताला कळतं. आणि जेवताना तो आता भिंतीला न टेकता बसतो, वरण-भात संपेपर्यंत.

हाताने घोड्याला खाऊ द्यायची इथे मनाई आहे. घोड्याला हात चाचपायची सवय लागते, मग एखाद्या दिवशी लहान बोटं दातात येतात. शेवटच्या शनिवारी मी इंडियन स्टोअरमधून गुळाची ढेप नेली होती. आबा दर अमावस्येला घोड्याला गूळ द्यायचे. शिक्षिकेला विचारलं. तिने हातात घेऊन वास घेतला, जिभेवर ठेवून पाहिला, घोड्याला गोड चालतं ना म्हणून वही बघितली आणि म्हणाली, "छोटा खडा, बादलीत." नातवाने वॉकरवरूनच वाकून टाकला. बिस्किटने तो खाल्ला आणि नंतर बराच वेळ रिकामी बादली नाकाने ढकलत राहिला.